टक् होतं, पण

सोमवारी सकाळी ऑटलीनने पेडल दाबलं
आणि गाडी ढिम्म.
बुधवारी चर्चच्या तळघरात जेवण,
चार पीच पाय तिच्या ओव्हनवर अवलंबून,
आणि तिचा गुडघा या गाडीवर.

मी सीट उचलली. आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या,
मीटरवर पन्नासच्या वर.
म्हणजे वीज आहे. आहे, पण पोचत नाही.
दोषाचा माग काढायला कान लागतात
आणि माझे तर एकतीस वर्षं
माग दुरुस्त करण्यातच गेले,
त्या कापडगिरणीत, जिच्या जागी आता
आमच्यासारख्या म्हाताऱ्यांची घरं आहेत
आणि पाइनच्या सावलीतून गाड्यांपुरते अरुंद रस्ते.

म्हणून शेजारची केझाया बोलावली. वय अकरा,
कान मांजरीचे.
मागची चाकं जॅकवर चढवली.
"मी पाय देतो, तू ऐक."
"टक् होतंय, मिस्टर लेम."
"दर वेळी?"
"दर वेळी."
मीटरची टोकं दोन जाड बोल्टांवर टेकवली.
पेडल दाबल्यावर इथे शून्य यायला हवं.
पन्नास. पुन्हा पन्नास.

डॉर्सी हचेटच्या दुकानात काउंटरवर तीन सॉलिनॉइड,
तिन्ही काळे, तिन्ही मुठीएवढे,
सख्ख्या भावांसारखे.
पहिला स्वस्त, पण छत्तीस व्होल्टचा.
माझ्या अठ्ठेचाळीसशी त्याचा
खरोखरच छत्तीसचा आकडा;
आठवडाभर नांदेल, मग कॉइल करपेल.
दुसरा मोटारीच्या स्टार्टरचा,
क्षणभर ओढायचं आणि सुटायचं एवढंच शिकलेला.
चढावर पाय दाबून ठेवला, तर हा किती वेळ धरून राहणार?
तिसरा दुप्पट किमतीचा. संपर्कांवर चांदीचा पत्रा,
कामाची मुदत : सतत.
डॉर्सी काहीतरी म्हणाला. मी हसून मान हलवली.
बहुधा किंमत सांगितली असावी.

घरी येऊन लग्नाची अंगठी काढली, खिळ्यांच्या डब्यात टाकली
(ती मी बॅटरीपुढेच काढतो),
आधी जाड काळी वायर सोडली, मग बाकीच्या.
नवा थेट बसवायचा नाही.
आधी टेबलावर.
जाड बोल्टांमध्ये मीटर : काहीच नाही, अनंत.
बारीक बोल्टांना फ्यूजमधून अठ्ठेचाळीस दिले,
त्याच्या पाठीवर बोट ठेवलं,
बोटाला हिसका कळला.
मीटर शून्यावर.
"आवाज कसा आला?"
केझायाने विचार केला. "आजीच्या पर्सच्या खटक्यासारखा.
जुना होता ना, तो खोकल्यासारखा वाजायचा."
हे मला कुठलाच मीटर सांगणार नव्हता.

जुन्यावरचा रेझिस्टर काढून यावर घातला. डायोडही.
डायोडची पांढरी रेघ धनाकडे, तीनदा पाहिली,
उलटी बसली की सगळा खेळ खलास.

मग तिच्या हट्टापायी जुना करवतीने कापला.
आत दोन तांब्याच्या टिकल्या,
जळून, खड्डे पडून, कोळशासारख्या.
"पण हा तर वाजत होता," ती म्हणाली.
"वाजत होता. जोडत नव्हता."

त्या रात्री भांडी पुसताना ऑटलीन बोलत होती,
मी हो म्हणत होतो,
हो, हो, बरोबर,
दर वेळी, अगदी वेळेवर.
माझा हात फडक्यात थांबला.
"परत सांग," मी म्हणालो.
"काय?"
"आत्ता जे म्हणालीस ते. माझ्याकडे बघून सांग."
ती जरा वेळ बघत राहिली, बशी तशीच हातात.
नॅपकिनांचं काहीतरी होतं.
आणि तिच्या बहिणीचं, जे ती
म्हणे मार्चपासून मला सांगत होती.

बुधवारी पाय मांडीवर घेऊन मी शेजारी बसलो.
तिने पेडल दाबलं.
सीटखाली मला काही ऐकू आलं नाही.
पाइन मागे सरकू लागले.